ऊसतोड टोळीतली पोरं पटावर आणायची तर

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठाला. एकाच आवारात सरकारी मराठी शाळा आणि सरकारी कन्नड शाळा, दोन्हींच्या मधे हापशी. माझा ऊस आहे आणि मराठी शाळेच्या एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या समितीची, अध्यक्षही मीच. समतेवर ट्रेनिंगं होतात, चहा-बिस्किट होतं. पण दिवाळीच्या पुढंमागं गावाबाहेर ऊसतोड टोळ्यांची पालं पडतात, त्यातली पोरं वर्गात नसतील तर त्या ट्रेनिंगचं काय लोणचं घालायचं? ज्यांच्या गावात ऊस आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

पालावर जायच्या आधी मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या माणसाला, गाठा. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, त्यानं दिलेली असते, त्याला डावलून गेलात तर पुढं कुणी तोंड उघडत नाही. वेळही बघून जा. कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, पहाटे अंधारात फडात जातो आणि रात्री गाडी भरायला परत उठतो. गाडीचा खोळंबा झाला की दुपारची माणसं सापडतात. सोबत एक तरी बाई न्या. नुसत्या गुरुजींसमोर आया पदर सावरून "मुकादमास्नी इचारा" एवढंच म्हणतात.

तिथं गेल्यावर "पोरगी शाळेत का येत नाही?" असं विचारू नका. "धाकट्याला कोण बघतं?" असं विचारा. सगळी अडचण तिथंच असते. नऊ-दहा वर्षांची पोरगी भाकरी थापते, पाणी आणते आणि भाऊ कडेवर घेऊन फिरते. म्हणून शाळेच्या आधी अंगणवाडीच्या आक्कांकडं जायचं. धाकटं तीन वर्षांच्या वरचं असेल तर ते तिथं बसतं, खातं, आणि थोरलीचे हात मोकळे होतात. त्याहून लहान असेल तर सरळ सांगते, पक्का इलाज नाही. आम्ही थोरलीला बाळ घेऊनच वर्गात बसू देतो. बाळ रडतं, वर्ग हसतो, धडा थोडा मागं पडतो. पडू दे.

दाखल करताना कागदावर अडू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे. त्याच्या कलम 14 प्रमाणं वयाचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही, आणि कलम 15 प्रमाणं मुदत टळली म्हणूनही नाही. जुन्या शाळेचा दाखला मागून येईना का. बीडकडच्या टोळीला शिक्षण हमी पत्रक आणलंय का तेवढं विचारा, गाव सोडून जाणाऱ्या पोरांना महाराष्ट्रातल्या शाळा ते देतात. बीडची पोरं मराठी शाळेत, विजयपूरकडची शेजारच्या कन्नड शाळेत, हे भाषेवरूनच ठरतं. पट कमी म्हणून दोन शाळांनी पोरांची ओढाओढ करू नये. तसं होतं, म्हणून लिहिते.

दाखल केलं की संपलं असं समजू नका. एका शाळेत मी हजेरीपत्रक उघडलं, तर गावच्या पोरांची नावं पेनानं आणि टोळीच्या पोरांची शेवटच्या पानावर पेन्सिलीनं. खोडायला सोपी! नावं पेनानं, त्या त्या इयत्तेच्या पानावर लिहायला लावा. "ए टोळी" अशी हाक ऐकली तर तिथल्या तिथं थांबवा, मग ती पोरानं मारलेली असो की मोठ्यानं. मागचा बाक कायमचा कुणाचा नाही, दर सोमवारी जागा बदला. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पंगतीत ही पोरं वेगळी ओळ धरून बसतात, कुणी सांगितलेलं नसतं तरी. वाढायच्या पाळीत त्यांनाही घ्या. हातात पळी आली की ओळ आपोआप मोडते. एक पोरगी अंडं सोलायची, अर्धं खायची आणि अर्धं फ्रॉकच्या खिशात ठेवायची. स्वयंपाकाच्या मावशींनी ते बघितलं आणि हूं की चूं केलं नाही. तुम्हीही करू नका.

कायद्यानं शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. कागदावर त्या असतातच. पण मीटिंग सकाळी अकराला लावली की निपाणी भागातल्या विड्या वळणाऱ्या बायकांचा रोज बुडतो आणि ऊसतोडीच्या बायका तर फडातच असतात. मीटिंग संध्याकाळी घ्या. विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसल्या तरी चालतंय. टोळीच्या आयांना सभासद करता येत नसेल, तरी बोलवा आणि बोलू द्या.

आता पंचायत. आमच्या राज्यात ग्रामपंचायती मुलांची ग्रामसभा घेतात, मक्कळ ग्रामसभा. बहुतेक ठिकाणी हुशार पोरगी पाठ केलेलं भाषण करते, फोटो निघतो, पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, साहेब जातात. तसं होऊ द्यायचं नसेल तर आधी दोन्ही शाळांची पोरं मिसळून गावातनं आणि पालावरनं फिरवा. काय नाही ते त्यांनाच लिहू दे. आमच्या पोरांनी पालाजवळ नळ आणि दिवा मागितला, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागं रिफ्लेक्टर. ट्रॉलीचं मागणं टोळीतल्या पोरानं सुचवलं, रात्री तोच त्या रस्त्यानं चालतो. अर्ज कन्नडमधे हवा, तो कन्नड शाळेच्या पोरांनी लिहिला, सह्या सगळ्यांच्या. 1 नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, मराठी-कन्नड वादावर मोठी माणसं काय घोषणा द्यायच्या त्या देतात, अर्ज लिहायला बसलेली पोरं एका चटईवर असतात. अर्जाची शिक्क्यानिशी पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा. नळ आला. दिव्यासाठी अजून खेटे चाललेत.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळी रातोरात हलते. म्हणून फेब्रुवारीतच प्रत्येक पोराच्या हातात एक कागद द्या: किती दिवस हजर, कुठला धडा झाला, वजाबाकी हातच्याची येते की नाही, शाळेचा शिक्का. आणि मुकादमाचा नंबर गुरुजींच्या मोबाईलमधे नको, त्यांची बदली होते. शाळेच्या वहीत लिहा. दसऱ्याला त्याला फोन लावून विचारा, यंदा टोळीत पोरं किती आणि कितवीतली.