दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी क्रोशाची वीण : लेमन पील

क्रोशाच्या बहुतेक उठावदार विणींना सुलट आणि उलट अशा दोन बाजू असतात. टेबलावर अंथरायच्या रुमालात त्याने काही बिघडत नाही, कारण त्याची उलट बाजू कोणाच्या नजरेस पडत नाही. मफलर मात्र गळ्याभोवती घेताना हवा तसा वळतो आणि बाळाला गुंडाळताना पांघरुणाची कोणती बाजू वर आली हे कोणी पाहत बसत नाही. अशा वस्तूंसाठी लेमन पील ही वीण फार उपयोगी आहे. लिंबाच्या सालीसारखा बारीक खरबरीतपणा तिच्या दोन्ही बाजूंना सारखाच येतो, आणि भोके फारशी राहत नसल्यामुळे बाळाची बोटेही तिच्यात सहसा अडकत नाहीत.

या विणीत मुका खांब आणि खांब असे दोनच टाके आहेत. मुक्या खांबासाठी टाक्यात सुई घालून धागा ओढून घ्यावा. सुईवर दोन वेढे झाले की पुन्हा धागा घेऊन तो दोन्ही वेढ्यांतून एकदम काढावा. खांबासाठी टाक्यात सुई घालण्यापूर्वीच तिच्यावर एक वेढा घ्यावा, मग धागा ओढून घेतल्यावर सुईवर जे तीन वेढे होतात ते दोन-दोन करून दोनदा सोडवावेत. इंग्रजी नमुने पाहून विणणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: अमेरिकी पद्धतीत या टाक्यांना अनुक्रमे सिंगल क्रोशे आणि डबल क्रोशे म्हणतात, तर ब्रिटिश पद्धतीत त्यांनाच डबल आणि ट्रेबल म्हणतात.

शिकण्यासाठी मध्यम जाडीची, एकरंगी आणि फिकट लोकर घ्यावी. काळ्या किंवा केसाळ लोकरीत टाके दिसतच नाहीत. ही वीण मुळात दाट असल्यामुळे, लोकरीच्या पट्टीवर सुचवलेल्या सुईपेक्षा अर्धा मिलिमीटर मोठी सुई वापरल्यास कापड मऊ पडते. मफलरसाठी तर मी हे आवश्यकच मानते.

टाक्यांची संख्या नेहमी सम असावी आणि साखळ्या त्यापेक्षा एक जास्त घालाव्यात, म्हणजे वीस टाक्यांच्या तुकड्यासाठी एकवीस साखळ्या. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, पुढच्या साखळीत खांब, त्यापुढच्या साखळीत मुका खांब, अशा क्रमाने ओळ पूर्ण करावी. शेवटचा टाका खांबच आला पाहिजे. मग एक साखळी घालून काम वळवावे. ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही. दुसऱ्या ओळीतही पहिल्याच टाक्यात मुका खांब आणि पुढच्या टाक्यात खांब घालत जावे. आधीची ओळ खांबाने संपलेली असल्यामुळे आता प्रत्येक मुका खांब खालच्या खांबावर बसतो आणि प्रत्येक खांब खालच्या मुक्या खांबावर. यापुढची प्रत्येक ओळ अशीच, मुक्या खांबाने सुरू होऊन खांबाने संपणारी.

उठाव येतो तो या अदलाबदलीतूनच. उंच खांबाला दोन्ही बाजूंचे बुटके मुके खांब दाबून धरतात, त्यामुळे त्याला सरळ उभे राहता येत नाही आणि तो फुगून वर येतो. दर ओळीला काम वळवल्यामुळे हे फुगवटे दोन्ही बाजूंना सारखे वाटले जातात. टाक्यांची संख्या चुकून विषम झाली तर मात्र खांबावर खांब आणि मुक्या खांबावर मुका खांब येऊ लागतो, उभ्या रेघा दिसू लागतात आणि कापड ओढल्यासारखे वेडेवाकडे होते. अशी रेघ दिसली की पुढे न विणता चुकलेल्या ओळीपर्यंत उसवावे. हा दोष वरच्या ओळींनी झाकला जात नाही.

संख्या बहुतेक वेळा ओळीच्या शेवटी चुकते. तिथे आधीच्या ओळीचा पहिला मुका खांब वळणाच्या साखळीला अगदी चिकटून दबलेला असतो. शिकणारी व्यक्ती एक तर तो सोडून देते, नाही तर त्याच्याऐवजी त्या साखळीतच सुई घालते. यावर साधा उपाय असा की प्रत्येक ओळीतील पहिला मुका खांब घातल्याबरोबर त्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवावी, आणि परतताना शेवटचा खांब त्याच टाक्यात घालावा. हात बसेपर्यंत दर ओळीचे टाके मोजावेतच.

रुंदी ठरवण्यासाठी विणलेला तुकडा धुऊन, वाळवून मग मोजावा. समजा दहा सेंटिमीटरमध्ये चौदा टाके बसत असतील, तर वीस सेंटिमीटर रुंदीच्या मफलरसाठी अठ्ठावीस टाके लागतील.

या विणीला उलट बाजूच नसल्यामुळे धाग्याची टोके लपवण्याचे काम काळजीने करावे लागते. प्रत्येक टोक सुमारे पंधरा सेंटिमीटर लांब ठेवावे आणि बोथट सुईने टाक्यांच्या जाडीतून एका दिशेने नेऊन एक धागा ओलांडून परत आणावे. दर वेळी काम उलटून दुसऱ्या बाजूलाही तो धागा दिसत नाही ना, हे पाहावे. रंग बदलायचा असेल तर ओळीतील शेवटच्या खांबाचे अखेरचे दोन वेढे नव्या रंगाने सोडवावेत.

कडा सारख्या करण्यासाठी चारही बाजूंनी मुक्या खांबांची किनार घालावी. उभ्या कडेला बुटके आणि उंच टाके आळीपाळीने आलेले असतात; बुटक्याच्या कडेत एक आणि उंचाच्या कडेत दोन मुके खांब घातले की किनार ताणली जात नाही आणि झालरीसारखी फुलतही नाही. कोपऱ्यात तीन घालावेत. तयार वस्तूवर गरम इस्त्री फिरवू नये, कारण त्याने उठाव कायमचा चपटा होतो, विशेषतः ॲक्रिलिक लोकरीत. ती ओली करून टॉवेलमध्ये दाबावी आणि हाताने आकार देऊन सपाट जागी वाळत घालावी.