दोन चहा शेजारी ठेवून चाखताय? मग या चुका टाळा

चार डब्यांतली पत्ती चार कपांत टाकायची, वर गरम पाणी ओतायचं, एकेक घोट घ्यायचा आणि "हा कडू, तो पाणचट, तिसरा बरा" असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. बऱ्याचदा या निकालात पत्तीचा वाटा थोडाच असतो. कडू लागलेल्या चहाला पाणी फार गरम लागलेलं असतं, पाणचट कपात पत्ती निम्मीच पडलेली असते आणि 'बरा' लागलेला चहा चाखेपर्यंत निवलेला असतो. म्हणूनच इथल्या बहुतेक चुका पहिल्या घोटाच्या आधीच्या आहेत.

पत्ती चमच्याने मोजणं

सर्वांत जास्त तुलना इथेच फसतात. एक सपाट चमचा बारीक दाणेदार सीटीसी (यंत्रात चिरडून, फाडून, वळवलेला) चहा साधारण अडीच ते तीन ग्रॅम भरतो. घट्ट गोळ्या वळलेला ऊलाँग (ग्रीन आणि ब्लॅक टी यांच्या मधला प्रकार) तेवढ्याच चमच्यात तीन ग्रॅमच्या वर जातो. लांब, फुललेल्या पानांचा किंवा नुसत्या कळ्यांचा व्हाइट टी मात्र जेमतेम एक ग्रॅम मावतो. म्हणजे 'प्रत्येकी एक चमचा' म्हटलं की एका कपात दुसऱ्याच्या तिप्पट पत्ती पडू शकते. मग व्हाइट टी 'बेचव' ठरतो, यात त्याचा काय दोष?

०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घ्या आणि १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती हे प्रमाण धरा. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकातही हेच प्रमाण आहे. हे मानक पहिल्यांदा १९८० मध्ये आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं गेलं. पाणीही अंदाजाने ओतू नका. भांडं काट्यावर ठेवून ओतलं की ग्रॅम आणि मिलिलिटर व्यवहारात सारखेच धरता येतात.

वजन करण्याआधी डबा आडवा करून दोन-तीनदा हलकेच फिरवा. डब्यात बारीक चुरा तळाशी बसतो आणि मोठी पानं वर राहतात. नुसतं वरवरचं उचललं तर चहा सौम्य लागतो, तळाचं उचललं तर तोच चहा कडक आणि गढूळ. एकाच डब्यातला चहा 'दर वेळी वेगळा लागतो' अशी तक्रार असेल, तर आधी हे तपासा.

सगळ्यांना एकच उकळतं पाणी, की प्रत्येकाला वेगळं?

दोन्ही बरोबर आहे, पण दोन्हींतून मिळणारी उत्तरं वेगळी आहेत. व्यावसायिक परीक्षक ताजं उकळतं पाणी ओततात आणि चहा सरसकट ६ मिनिटं मुरवतात. हा चहा चवीने पिण्यासाठी नसतो. अशा कडक वागणुकीत पत्तीतले दोष लपत नाहीत: करपटपणा, कुबट वास, कच्चा हिरवटपणा, सगळं वर येतं. एकाच जातीचे दोन चहा, उदाहरणार्थ दोन आसाम किंवा दोन सेंचा (जपानी ग्रीन टी), पारखायचे असतील तर ही रीत चांगली. 'मला यातला कुठला प्यायला आवडेल?' हा प्रश्न असेल, तर प्रत्येक चहाला त्याचं तापमान द्यायलाच हवं.

जपानी ग्रीन टीला ७० ते ८० अंश, चिनी ग्रीन टीला ७५ ते ८५, व्हाइट टीला ८० ते ९०, ऊलाँगला ८५ ते ९५, ब्लॅक टी आणि पू-अरला (आंबवून मुरवलेल्या चिनी चहाला) ९५ ते १०० अंश सेल्सियस. पहिल्या बहराचा (वसंतातल्या पहिल्या तोडणीचा) दार्जिलिंग ब्लॅक टी म्हणून विकला जात असला, तरी त्याची पानं पूर्ण ऑक्सिडाइझ (हवेतल्या ऑक्सिजनने तपकिरी) झालेली नसतात. त्याला ९० अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. पाणी जितकं गरम, तितके कॅटेचिन (चहातली तुरट द्रव्यं) आणि कॅफिन भराभर उतरतात, आणि कडूपणा-तुरटपणा यांच्यातूनच येतो. गोडसर, भरीव चव देणारं थिॲनाइन हे अमिनो आम्ल कमी तापमानालाही चांगलं उतरतं. ग्रीन टी थंडगार पाण्यात कित्येक तास ठेवला तरी गोडसर लागतो, तो यामुळे.

थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी खोलीच्या तापमानाच्या दुसऱ्या भांड्यात ओता. दर ओतण्याला साधारण ८ ते १० अंश उतरतात. भांडं जाड असेल तर जास्तच. उंचावर राहत असाल तर पाणी १०० अंशांना पोहोचतच नाही. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने खाली येतो. १५०० मीटरवर उकळतं पाणी ९५ अंशांचं असतं, त्यामुळे तिथे ब्लॅक टीला अर्धा-एक मिनिट वाढवून द्यावं लागतं.

भांडी आधी गरम पाण्याने विसळून घ्या. थंड चिनी मातीचं भांडं पाण्याची ऊब लगेच ओढून घेतं, आणि पहिला कप थंड भांड्यात, दुसरा गरम भांड्यात झाला तर तुलना तिथेच संपली.

घड्याळ एकाच कपासाठी लावणं

चार भांड्यांत पाणी ओतायला एक-दीड मिनिट जातं. गाळताना मात्र सगळी एकदम गाळली जातात. परिणामी पहिला चहा शेवटच्यापेक्षा दीड मिनिट जास्त मुरतो, आणि ३ मिनिटांच्या चहात दीड मिनिट म्हणजे फार मोठा फरक. उपाय सोपा आहे: दर २० सेकंदांनी एक भांडं भरा आणि त्याच क्रमाने, दर २० सेकंदांनीच गाळा.

गाळताना शेवटचा थेंबही निथळू द्या. चोथ्यात पाणी राहिलं तर ते कडक होत जातं आणि पुढचा अर्क बिघडतो. पत्ती अंड्याएवढ्या जाळीदार गोळ्यात कोंबू नका. वळलेला ऊलाँग भिजल्यावर कित्येक पट फुलतो. जागा नसेल तर आतली पानं कोरडीच राहतात आणि चहा एकाच वेळी पाणचट आणि कडवट लागतो. रुंद, खोल गाळणी किंवा मोकळं भांडं उत्तम.

चहाची बॅग आणि सुटी पत्ती शेजारी ठेवताना आणखी एक घोळ होतो. बॅगेतला चुरा बारीक असल्याने पाण्याला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि २ मिनिटांत रंग गडद होतो. ते कणांच्या आकाराचं काम आहे, दर्जाचं नव्हे. ओपी (ऑरेंज पेको, अख्खं पान), बीओपी (ब्रोकन ऑरेंज पेको, मोडलेलं पान) अशी अक्षरंही मुख्यतः पानाचा आकार सांगतात. चांगला बीओपी सामान्य ओपीला सहज मागे टाकतो.

ऊलाँग आणि पू-अरचा निकाल पहिल्या पाण्यावर (त्याच पत्तीच्या पहिल्या अर्कावर) देणंही अन्यायाचं. हे चहा कमी पाण्यात, १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम अशा प्रमाणात, १५ ते ३० सेकंदांचे अनेक अर्क काढून पितात, आणि दुसरं-तिसरं पाणी अनेकदा पहिल्यापेक्षा सरस निघतं. मात्र या पद्धतीचा एक कप आणि ६ मिनिटं मुरलेला दुसरा कप अशी जोडी लावू नका.

पाण्याकडे दुर्लक्ष

कपात ९९ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या पॉलिफेनॉलशी (कॅटेचिन ज्यात मोडतात त्या द्रव्यांशी) मिळून वर चकचकीत तवंग आणतात; रंग काळपट होतो आणि धार जाते. उलट डिस्टिल्ड किंवा क्षार पूर्ण काढलेल्या पाण्यात चहा सपाट लागतो. क्लोरीनचा वास येत असेल तर फुलांच्या सुगंधाचे चहा चाखूच नका. 'नवीन पत्ती आधीसारखी लागत नाही' असं वाटलं तर त्याच पत्तीचा एक कप वेगळ्या पाण्यात करून पाहा. कित्येकदा पत्तीवरचा आरोप तिथेच मागे घ्यावा लागतो.

गरमागरम चाखणं आणि तुरटाला कडू म्हणणं

७० अंशांचा चहा जिभेला फक्त चटका देतो. ५० ते ५५ अंशांपर्यंत उतरू द्या, मग चमचाभर घेऊन जोरात भुरका मारा. एरवी असभ्य वाटणारा हा आवाज इथे कामाचा आहे: हवेबरोबर चहाचे बारीक तुषार होतात आणि सुगंध घशामागून नाकात चढतो. 'चव' म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा भाग खरं तर वासच असतो. घोट तोंडभर फिरवा आणि थुंका. सगळा गिळत राहिलात तर पाचव्या-सहाव्या कपापर्यंत कॅफिनने हात थरथरायची वेळ येईल.

कडू ही चव आहे. तुरटपणा हा स्पर्श आहे. पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडं, खरखरीत होतं. तुरटपणा घोटागणिक साचतो, म्हणून रांगेतला शेवटचा चहा हमखास जास्त तुरट वाटतो. प्रत्येक चहानंतर कोमट पाण्याची चूळ भरा, साध्या पावाचा तुकडा खा, मिनिटभर थांबा, आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा. क्रम बदलल्यावर निकाल बदलला, तर तो निकाल क्रमाचा होता. एका बैठकीत पाच-सहा चहा पुरेत.

सौम्याकडून तीव्राकडे जा: व्हाइट, ग्रीन, ऊलाँग, ब्लॅक, पू-अर, मग फ्लेवर्ड. पाइनच्या लाकडाच्या धुरात सुकवलेला लापसांग सूचाँग अगदी शेवटी. तो मध्ये आला की पुढच्या प्रत्येक कपाला धुराचा वास येतो.

फ्लेवर्ड चहा: वासाला भुलणं

डबा उघडल्यावर दरवळ आला म्हणजे कपात चव येईल असं नाही. वरून लावलेली तेलं आणि अर्क लवकर उडणारे असतात. कोरड्या पत्तीला ते भरभरून वास देतात, पाण्यात मात्र निम्मेअधिक वाफेबरोबर निघून जातात. म्हणून मुरताना झाकण ठेवा आणि कोरडी पत्ती, ओला चोथा, कपातला चहा या तिन्हींचा वास वेगवेगळा नोंदवा. चोथा सर्वांत जास्त बोलका असतो. त्यात पानाचा स्वतःचा वास लागला नाही, नुसता व्हॅनिला किंवा आंबाच लागला, तर खालचा चहा बहुधा सामान्य आहे.

वजनातही गोम आहे. सफरचंदाच्या फोडी, पाकळ्या, सालीचे तुकडे असलेल्या मिश्रणाच्या २ ग्रॅममध्ये पत्ती कदाचित सव्वा ग्रॅमच असेल. ३ मिनिटांत त्या फोडींतून फारसं काही उतरत नाही. त्या बव्हंशी शोभेसाठी असतात. अशा मिश्रणाला वजन थोडं वाढवून द्या, आणि तसं केल्याची नोंद ठेवा.

दोन अर्ल ग्रे शेजारी ठेवताना तुलना बर्गमॉटच्या (एका सुगंधी लिंबूवर्गीय फळाच्या) तेलाची चालली आहे की चहाची, हे आधी ठरवा. 'अर्ल ग्रे' या नावावरून खाली आसाम आहे, सिलोन (श्रीलंकेचा) आहे की कीमुन (चिनी ब्लॅक टी), हे कळत नाही. शक्य असेल तर त्याच विक्रेत्याचा बिनफ्लेवरचा मूळ चहा तिसऱ्या कपात ठेवा.

जाईच्या चहात दोन प्रकार असतात. पारंपरिक पद्धतीत ताज्या कळ्या पत्तीत मिसळून रात्रभर ठेवतात, फुलं काढून टाकतात आणि हे अनेकदा करतात. स्वस्त प्रकारात सुगंध वरून फवारतात. दुसरं पाणी काढून पाहा: मुरवलेला सुगंध बहुधा टिकतो, फवारलेला पहिल्याच पाण्यात बराचसा संपतो. डब्यात सुकलेली फुलं दिसणं हा चांगल्या दर्जाचा पुरावा नाही.

काही वास मात्र जातिवंत असतात. दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगमधला द्राक्षाचा गंध कुणी घातलेला नसतो. तैवानच्या जिन श्वान या वाणाच्या ऊलाँगला सौम्य दुधाळ झाक असते, आणि त्याच नावाखाली वरून दुधाचा फ्लेवर लावलेला चहाही विकला जातो. पहिल्याच पाण्याला मिठाईसारखा घमघमाट आला आणि तिसऱ्या पाण्याला काहीच उरलं नाही, तर दुसरा प्रकार समजा.

जास्वंद, कॅमोमाइल, रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतलं एक झुडूप) यांची फेरी वेगळी लावा. ती चहाच्या झाडाची पानंच नव्हेत. त्यांना उकळतं पाणी आणि ५ ते ७ मिनिटं लागतात. जास्वंदात दूध घालू नका, आम्लामुळे ते फाटतं.

लेबल पाहून चाखणं

महागड्या डब्याचं नाव माहीत असलं की जीभ प्रामाणिक राहत नाही. कपांच्या तळाला आकडे चिकटवा आणि ओतायचं काम दुसऱ्याला द्या. सगळे कप सारखे, आतून पांढरे हवेत. रंगीत किंवा खोल कपात रंगाचा अंदाज चुकतो. दोन चहांत खरंच फरक कळतो का, हे पाहायला तीन कप घ्या, दोघांत एकच चहा, तिसऱ्यात दुसरा, आणि वेगळा ओळखा. नुसत्या नशिबाने तीनात एकदा बरोबर येतंच. ६ पैकी ५ वेळा ओळखलंत, तर योगायोगाची शक्यता २ टक्क्यांहून कमी उरते.

गटात चाखत असाल तर सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने "मधासारखा" म्हटलं की बाकीच्यांनाही मध लागायला लागतो.

काहीतरी बिघडलंय, पण काय?

चहा निवल्यावर गढूळ झाला तर घाबरू नका. ब्लॅक टीतले पॉलिफेनॉल आणि कॅफिन थंडाव्यात एकत्र येऊन असं होतं, आणि कडक, चांगल्या चहात ते जास्त दिसतं. गरम केला की पुन्हा नितळ होतो.

सगळ्याच कपांत पुदिना किंवा बर्गमॉटचा हलका वास आला तर भांड्यांकडे पाहा. सिलिकॉनची झाकणं, प्लास्टिकच्या गाळण्या आणि बिनचकाकीच्या मातीच्या किटल्या वास धरून ठेवतात. फ्लेवर्ड चहासाठी काच किंवा स्टील वापरा. चहाचा राप खाण्याच्या सोड्याने निघतो. सुगंधी साबणाने तो निघेल, पण साबण पुढच्या कपात उतरेल.

ग्रीन टी कुबट किंवा शिळ्या गवतासारखा लागला तर पत्तीला दमट हवा लागलेली असते. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडला की थंड पत्तीवर दव धरतं. डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. आणि फ्लेवर्ड चहाचा डबा साध्या चहाच्या शेजारी ठेवू नका. पत्ती आसपासचा वास पटकन शोषते, त्यामुळे महिन्याभरात साधा दार्जिलिंगही दालचिनीचा लागू लागला तर नवल नाही.