छोट्या न्हाणीघरात तुटक्या टाइल्सचं मोझॅक: सगळा खेळ ग्राउटचा

न्हाणीघर चार बाय सहाचं असेल तर गडद रंग नको, खोली आणखी लहान दिसेल, हा सल्ला विसरा. एकच भिंत निवडा, दारातून समोर दिसणारी, आणि ती मोरपंखी, हळदी, राणी अशा रंगांनी भरून टाका. बाकीच्या तीन पांढऱ्या. चारही भिंतींवर थोडं थोडं केलंत तर सगळंच वाया जातं.

बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या दरबार हॉलमधली मोझॅकची जमीन पाहून आपल्याही पायाखाली तेच हवं असं वाटतं. घरी फोडलेल्या टाइल्सच्या कडा मात्र धारदार राहतात आणि ओले पाय अनवाणी असतात, म्हणून मोझॅक भिंतीवरच.

मोरबीच्या टाइल्सचे उरलेले, टवके उडालेले नग दुकानदार स्वस्तात देतात. ते गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, डोळ्यांवर चष्मा हवाच. भिंतीवर खडूने नक्षी काढा. अ‍ॅडहेसिव्ह एका वेळी हातभर जागेतच लावा आणि तुकडे दोन-तीन मिलिमीटर अंतराने चिकटवा. मग 24 तास हात लावू नका.

आता ग्राउट, म्हणजे तुकड्यांमधले सांधे भरायचा माल. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात मी पहिल्यांदा हे केलं ते मे महिन्यात, भर दुपारी. हुरूप इतका की अख्खी भिंत एका दमात भरली. पुसायला वळले तोवर वरचा भाग दगड झाला होता. प्रत्येक तुकड्यावर राखाडी साय. कोणीतरी म्हणालं अ‍ॅसिड मारा, मी मारलं. साय गेली, पण सांध्यांतला सिमेंटही खाल्ला गेला. बोट फिरवलं की वाळू हाताला यायची. ती भिंत मी पुन्हा खरवडून भरली. अ‍ॅसिड सुचवणाऱ्याचं, मग तो कितीही जुना कडिया (गवंडी) असो, अजिबात ऐकू नका.

नुसता पांढरा सिमेंटही नको, वाळताना आकसतो आणि केसासारख्या चिरा पडतात. तयार ग्राउट घ्या, पीनट बटरइतकं घट्ट कालवा, दहा मिनिटं मुरू द्या, पुन्हा ढवळा. भिंतीचा दोन फूट बाय दोन फुटांचा भाग घ्या. रबरी थापीने सांध्यांना तिरकं दाबत भरा. सरळ ओढलंत तर थापी सांध्यातला माल उपसून काढते. बोट टेकवल्यावर ठसा उमटला पण बोटाला काही लागलं नाही, की स्पंज घ्या, घट्ट पिळलेला. स्पंजातून पाणी ठिबकत असेल तर रंग फिका पडतो. एक फेर, स्पंज धुवा, दुसरा फेर. मगच भिंतीचा पुढचा भाग. तासाभराने उरलेली साय कोरड्या सुती फडक्याने निघते.

रंग मधला राखाडी घ्या. काळ्या सांध्यांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उठून दिसतात, पांढरे सांधे महिन्याभरात मळतात.

दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हलका फवारा, आणि तीन दिवस आंघोळ दुसरीकडे.