काचपूड घातलेले काँक्रीट साच्यातच फुगत होते : माझा अनुभव

सिमेंटच्या वजनापैकी 20 टक्के भाग काढून त्याजागी टाकाऊ बाटल्यांची पूड घातलेले काँक्रीटचे 150 मिमीचे क्यूब (ताकद तपासण्यासाठी ओतलेले ठोकळे) साच्यातच फुगत, वर बुडबुडे येत आणि साचा उघडल्यावर आत पोकळ्या दिसत. नागपूरच्या मे महिन्याला दोष देत मी थंड पाणी वापरले, ओले बारदान पांघरले, पाण्याचे प्रमाण घटवले. दोन महिने वाया गेले. कोराडीच्या वीजकेंद्राची राख घातलेले क्यूब मात्र त्याच उन्हात निर्दोष निघाले, तेव्हा संशय पुडीवर आला. बाटल्यांच्या गळ्याला उरलेल्या अॅल्युमिनियमच्या कड्या काचेबरोबर दळल्या जात होत्या आणि सिमेंटच्या अल्कलीशी त्यांची क्रिया होऊन हायड्रोजन सुटत होता.

त्यानंतर बाटल्या फोडण्यापूर्वी प्रत्येक कडी पकडीने कापून काढली, बाटल्या गरम पाण्याने धुतल्या (साखरेचा अंश राहिल्यास सिमेंट उशिरा घट्ट होते), वाळवून दळल्या आणि पूड 75 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली. शेवटी हातमोजे व चष्मा घालून, उघड्या हवेत, प्रत्येक घाण्यातील चमचाभर पूड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकली. बुडबुडे सुटत राहिले, तर तो घाणा बाद. आता क्यूब फुगत नाहीत. ताकद मात्र 28 दिवसांखेरीज 90 दिवसांनीही तपासावी, कारण काचेची पोझोलानिक क्रिया (सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग होऊन ताकद देणारी) संथ असते.