आडोसा एका झाडाचा, सावली दुसऱ्याची

आडोशाला पानं डोळ्यांच्या पातळीपासून हवीत; सावलीला खोड मोकळं आणि घेर डोक्यावर. एकाच झाडाकडून दोन्ही मागितलं की खालच्या फांद्या छाटल्या दिवशी आडोसा जातो. म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी, एप्रिलमध्येच, घरी दोन मापं घ्या.

पहिलं नजरेचं. एकाने ओट्यावरच्या रोजच्या खुर्चीत बसावं, दुसऱ्याने टोकाला फडकं बांधलेला बांबू घेऊन अंगणात फिरावं. फडक्याआड शेजारची खिडकी गेली की तिथली उंची मोजा. खिडकी खुर्चीपासून ३० फुटांवर आणि जमिनीपासून २० फूट उंचीवर असेल, तर खुर्चीपासून १० फुटांवर साडेनऊ फुटी झाड पुरतं. २५ फुटांवर कुंपणाला लावलं तर साडेसतरा फूट लागतं. तरी सगळे कुंपणच गाठतात आणि वर्षानुवर्षं वाट बघतात.

दुसरं उन्हाचं. भिंत खरी तापते ती पश्चिमेच्या कलत्या उन्हाने. एप्रिलमध्ये चारच्या सुमारास सावली उंचीच्या साधारण सव्वापट लांब पडते, म्हणजे २० फुटी झाडाची २४-२५ फूट. त्या हिशेबाने पश्चिमेची जागा ठरवा. शोषखड्डा, ड्रेनेजचं चेंबर आणि वरून जाणारी वीजतार पाहूनच खूण करा.

सावलीला बकुळ उत्तम: बारमाही हिरवी, दाट, फक्त वाढते सावकाश. भिंतीपासून १० फूट सोडा. कडुनिंबाला १५ ते २० फूट द्या. बहावा देखणा, पण ऐन उन्हाळा लागताना पानं गाळतो. गुलमोहर ठिसूळ, वादळात फांदी छपरावर येते. वड, पिंपळ, उंबर छोट्या आवारात नकोतच. आडोशाला कामिनी तीन-तीन फुटांवर. जास्त उंची हवी तर खोटा अशोक पाच फुटांवर, मात्र त्याच्याकडून सावलीची आशा नको. झटपट वाढतो म्हणून कोनोकार्पस गळ्यात मारतील. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. आणि चुकलेलं झाड नंतर सहज काढता येत नाही: महाराष्ट्रात शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्ष कायद्याने स्वतःच्या आवारातही परवानगी लागते.

खड्डे मे महिन्यात, ३ फूट लांब, रुंद, खोल. दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्या. वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून भरा, जमिनीपेक्षा सहा इंच उंच, कारण पावसात माती बसते आणि खळग्यात पाणी साचून रोप सडतं. कच्चं शेण टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी ठरलेली. कडक मुरमात खड्डा बादलीसारखा भरून राहतो. तिथे पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही उभं असेल तर तळ फोडा किंवा जागा बदला.

रोप चार-पाच फुटी घ्या, पण पिशवीचा तळ आधी बघा. मुळ्या गोल गुंडाळलेल्या दिसल्या तर ते ठेवून दुसरं उचला. तशी मुळं पुढे खोडालाच आवळतात. दोन-तीन दमदार पाऊस झाले की लावा. काठी रोपापासून वीतभर लांब ठोका, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा आणि वर्षभरात सोडा, नाहीतर सालीत रुतते. आळं खोडापासून दूर, त्यात तीन इंच पालापाचोळा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५-२० लिटर पाणी. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात.