'आयडेंटिकल' वापरताय? मग या चुका टाळा

चोपड्याला इंग्रजीचे क्लास घेतो मी, आणि पोरांच्या वह्यांमध्ये माझा लाल पेन सगळ्यात जास्त कुठल्या शब्दावर चालत असेल तर तो आयडेंटिकल, म्हणजे हुबेहूब सारखा. शब्द अवघड नाहीये हो. पण मराठीत एक 'सारखा' म्हटलं की आपलं सगळं भागतं, चेहरा सारखा, पगार सारखा, चव सारखी, आणि पोरगं सारखं रडतंय तेही सारखंच, इकडे अहिराणीत तर "सारखंच शे ना" म्हटलं की विषय संपला. इंग्रजीत मात्र यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो आणि तिथेच गाडं अडतं. मला या शब्दाची एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे याचं मूळ लॅटिनमधल्या इडेम या शब्दात, इडेम म्हणजे 'तोच', आणि त्याच घरातला इडेंटिडेम म्हणजे 'पुन्हा पुन्हा'. म्हणजे आपल्या 'सारखा'चे दोन्ही अर्थ तिथेही शेजारी शेजारीच राहतात बघा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. माझ्या एका विद्यार्थ्याच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव' लागलेलं आणि आधार कार्डावर नाही, त्याला इंग्रजीतून प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं, तर त्याने घरीच बसून लिहिलं, "बोथ नेम्स आर आयडेंटिकल." कागद परत आला. क्लार्क म्हणाला, नावं तर वेगळी दिसतायत, आयडेंटिकल कुठून झाली? पोरगा चिडला पण क्लार्कचं बरोबर होतं, कारण आयडेंटिकल नेम्स म्हणजे अक्षर न् अक्षर तीच नावं. इथे नावं वेगळी आहेत, माणूस एकच आहे. त्यासाठी इंग्रजीत ठरलेली भाषा आहे, "बोथ द नेम्स बिलाँग टू वन अँड द सेम पर्सन." तसं लिहून दिल्यावर काम झालं, पण तोवर दोनदा एसटीचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी गेली होती आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण हे आधी वर्गात शिकवायला पाहिजे होतं.

आणि हो, म्हणून 'आयडेंटिकल पर्सन' असंही लिहू नका. आयडेंटिकलचा 'तोच तो' असा अर्थ डिक्शनरीत आहे, "द आयडेंटिकल रूम" म्हणजे तीच खोली, पण 'हुबेहूब पण दुसरा' हाही अर्थ आहे, आणि सरकारी कागदावर वाचणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला की झाला ना घोळ.

दुसरी गोष्ट सिमिलर आणि आयडेंटिकलची. हे आपल्याकडे केळीच्या बागेत उभं राहून जितकं चांगलं कळतं तितकं पुस्तकात कळत नाही. टिश्यू कल्चरची ग्रँड नैनची रोपं एकाच जातिवंत झाडाच्या पेशींपासून लॅबमध्ये वाढवतात, म्हणून ती "जेनेटिकली आयडेंटिकल" असं लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे (क्वचित एखादं रोप वेगळं निघतं, ते बागायतदार लगेच ओळखतो). पण त्याच बागेतले दोन घड बघा, एकाला पाणी-खत नीट मिळालं, दुसरा बांधाकडचा, वजन वेगळं, फण्या वेगळ्या. तिथे "द बंचेस आर आयडेंटिकल" लिहिलं की चुकलं, सिमिलर म्हणा. म्हणजे कशात सारखं ते सांगायचं, जीन्समध्ये की वजनात. आणि हा शब्द हलक्यात घ्यायचा नाही, झाडं खरोखर आयडेंटिकल असली की एका झाडाला जो रोग झेपत नाही तो कुणालाच झेपत नाही, ग्रो मिशेल नावाची केळी पनामा रोगापुढे अशीच टिकली नाही आणि 1950 च्या दशकापासून तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, आपली ग्रँड नैन त्याच कॅव्हेंडिश गटातली.

जुळ्यांचंही तेच. आयडेंटिकल ट्विन्स म्हणजे एकाच फलित अंड्यापासून झालेले, पण बोटांचे ठसे त्यांचेही वेगळे असतात. आणि जुळे भाऊ-बहीण असतील तर त्यांना कुणी आयडेंटिकल म्हणू नका, ते फ्रॅटर्नल, म्हणजे दोन वेगळ्या अंड्यांपासून झालेले.

एकदा हुबेहूब म्हटलं की त्यात कमी-जास्त नसतं, म्हणून "व्हेरी आयडेंटिकल", "मोअर आयडेंटिकल" हे चालत नाही. किंचित फरक असेल तर "ऑलमोस्ट आयडेंटिकल" किंवा "निअरली आयडेंटिकल" बिनधास्त लिहा. आणि सेम टू सेम हे आपलं बोलण्यातलं, अर्जात "एक्झॅक्टली द सेम".

पुढे टू लावायचं. "माय फोन इज आयडेंटिकल टू युअर्स." विथ पण चालतं. पण पोरं सेमच्या सवयीने "आयडेंटिकल अ‍ॅज" लिहितात, किंवा 'तुझ्यासारखा' डोक्यात असतं म्हणून "आयडेंटिकल लाइक", ही दोन्ही चूक.

इक्वल वेगळा, तिथे फक्त माप सारखं असतं. एक लांबट पट्टा आणि एक चौकोनी तुकडा, दोन्ही एकेक एकर असले तर क्षेत्र इक्वल, प्लॉट आयडेंटिकल नाहीत. भूमितीतलं आठवा, समरूप म्हणजे सिमिलर, एकरूप म्हणजे काँग्रुअंट, त्यामुळे त्रिकोणांसाठी आयडेंटिकल लिहू नका, तिथे गणिताचाच शब्द द्या.

राहिलं नाम. "आयडेंटिकॅलिटी" असं सहसा कुणी लिहीत नाही, नाम आयडेंटिटी हेच, म्हणून उताऱ्यात "आयडेंटिटी ऑफ इंटरेस्ट्स" आलं तर ओळखपत्र आठवू नका, दोघांचं हित एकच आहे असा अर्थ आहे. गणितातली आयडेंटिटीपण हीच, ए अधिक बी चा वर्ग, किंमत कुठलीही टाका, दोन्ही बाजू तेच उत्तर देतात. आणि स्पेलिंगच्या शेवटी सी-ए-एल, आर्टिकलसारखं सी-एल-ई नाही, या एका जागी दर वर्षी निम्मा वर्ग चुकतो.