उपोष्ण किनारपट्टीवर शेती-उद्योग उभारताय? या चुका टाळा

उपोष्ण किनारपट्टीची, म्हणजे उष्ण कटिबंधाला लागून असलेल्या समुद्रकाठाची, जमेची बाजू भक्कम आहे. समुद्र जमिनीपेक्षा हळू तापतो आणि हळू निवतो, म्हणून हिवाळा सौम्य असतो, गोठवणारी थंडी क्वचित पडते आणि वर्षात दोन पिकं निघू शकतात. थंड प्रदेशातली शेतं रिकामी असताना इथला माल बाजारात उतरतो. पण हे फायदे अख्ख्या पट्ट्याला सरसकट मिळत नाहीत. ते एकेका तुकड्यावर ठरतात, आणि घाई नेमकी तो तुकडा पारखतानाच होते.

वार्षिक सरासरी पाहून निर्णय घेणं

उपोष्ण पट्ट्यात खंडांच्या पूर्व किनाऱ्यांवर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन किंवा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या बाजूला, पाऊस मुख्यतः उन्हाळ्यात येतो आणि हवा दमट असते. पश्चिम किनाऱ्यांवर बहुधा उलट: उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात. वर्षाचा आकडा सारखा असला तरी पूर्वेला फळ पिकण्याच्या वेळी करपा येतो आणि पश्चिमेला त्याच वेळी पाणी विकत घ्यावं लागतं. महिनावार पाऊस आणि पानं किती तास ओली राहतात हे पाहा. रोग वारंवार येत असेल तर फवारण्या वाढवण्याआधी झाडांतलं अंतर वाढवा, छाटणी मोकळी करा, ओळी वाऱ्याच्या दिशेने ठेवा.

बोअरला पाणी आहे, एवढ्यावर खूश होणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. साध्या हिशोबाने, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडं पाणी असतं. म्हणजेच उपशाने पातळी १ मीटर उतरली की खारं पाणी कालांतराने ४० मीटरपर्यंत वर सरकू शकतं. पाणी मचूळ लागू लागलं की बरेच जण बोअर आणखी खोल करतात, आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण खोलवर खारंच पाणी आहे. उपाय उलटा आहे: मोठ्या पंपाऐवजी कमी उपशाच्या, उथळ, पसरलेल्या विहिरी आणि पावसाचं पाणी साठवणारं तळं.

जमीन घेण्याआधी पाण्याची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार आहेत याचं माप) तपासाच, तीही कोरड्या हंगामाच्या शेवटी आणि पंप काही तास चालवून. ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत असेल तर क्षारांची चिंता नाही. ३ च्या वर गेली तर बहुतेक पिकांसाठी गंभीर अडचण आहे. स्ट्रॉबेरी, घेवडा, अव्होकॅडो ही पिकं क्षार अजिबात सोसत नाहीत.

पानांच्या कडा टोकाकडून करपत असतील तर आधी क्षारांचा संशय घ्या. तुषार सिंचन असेल तर ते बंद करून ठिबकवर या, कारण पानांवर सुकणारं पाणी मीठ मागे ठेवतं. ठिबकमध्ये मात्र ओल्या भागाच्या कडेला क्षार साचतात आणि पहिला हलका पाऊस ते मुळांकडे ढकलतो. म्हणून अशा पावसात ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. हे फार थोड्यांना माहीत असतं. क्षार धुवायला जास्तीचं पाणी द्यावं लागतं, पण निचरा नसेल तर तेच पाणी मूळकूज घेऊन येतं. आधी गादीवाफे, मग पाणी.

सखल जमीन स्वस्त म्हणून घेणं

किनाऱ्याजवळच्या पाणथळ मातीत लोह आणि गंधकाची खनिजं असू शकतात. पाण्याखाली असेपर्यंत ती निरुपद्रवी असतात. चर खणून निचरा केला की त्यांना हवा लागते, गंधकाम्ल तयार होतं आणि मातीचा सामू (पीएच) ४ च्या खाली घसरू शकतो. चरात गंजासारखं तांबूस पाणी दिसलं तर खोदकाम थांबवा आणि माती तपासून घ्या.

सौम्य हिवाळा सगळ्या पिकांना मानवेल असं धरणं

सफरचंदाच्या अनेक जातींना फुलण्यासाठी साधारण ७ अंश सेल्सिअसखालचे ८०० ते १००० तास लागतात. ते मिळाले नाहीत तर कळ्या एकसारख्या फुटत नाहीत आणि तोडणी लांबत जाते. अशा ठिकाणी कमी थंडीवर येणाऱ्या जाती किंवा मुळातच इथलं पीक घ्यावं. मॅकाडेमिया तर पूर्व ऑस्ट्रेलियाच्या उपोष्ण जंगलातलंच झाड. संत्र्याची गोष्ट वेगळी. रात्री उबदार असल्या की फळ आतून पिकूनही साल हिरवी राहते. तोडणी रंगावर नको, रसातली साखर आणि आम्ल मोजून करा.

वारा अडवायला भिंत बांधणं

भरीव भिंतीमागे वारा भोवरे करून पीक झोडपतो. निम्मा वारा आरपार जाऊ देणारी झाडांची रांग बरी. सुरूसारखी झाडं खारा वाराही सोसतात. रांगेच्या उंचीच्या साधारण १० पट अंतरापर्यंत आसरा मिळतो. रांग पिकाच्या आधी लावा. हरितगृहाचा सांगाडा आणि पंपाचे भाग गंजाचा विचार करूनच घ्या.

बंदर जवळ म्हणजे निर्यात सोपी असं समजणं

विचारायचे प्रश्न असे: शीत कंटेनरना वीजजोडणी पुरेशी आहे का, तुमच्या हंगामात जहाजं किती दिवसांनी सुटतात, रोग-कीड तपासणी तिथेच होते का? आणि तोडणीनंतर काही तासांत माल थंड करण्याची सोय शेतावरच हवी. उन्हात तापलेला माल शीत कंटेनरमध्ये भरला तर तो नीट थंड होत नाही, कारण कंटेनर थंडावा टिकवण्यासाठी असतो, झटपट थंड करण्यासाठी नाही.